भागीदार कोण? सदस्यांचे ठेके आणि आपले कायदे

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या चौदाव्या कलमात सदस्याला अपात्र ठरवणारी कारणे एकाखाली एक दिली आहेत. त्यांतले एक असे : पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीच्या नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, त्याला सदस्य होता येत नाही, झाला असेल तर राहता येत नाही. जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा, नगरपरिषदांचा १९६५ चा, महानगरपालिकांचा १९४९ चा आणि मुंबईचा १८८८ चा, या सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच वाक्य आहे.

वाक्य कडक आहे. तरीही राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर विचारले, की गटाराचे, पेव्हर ब्लॉकचे, पाण्याच्या टाकीचे काम कोणाचे, तर कागदावर एक नाव असते आणि लोकांच्या तोंडी दुसरे. फर्म मेहुण्याच्या नावावर, मजूर संस्था चुलतभावाची, जेसीबी बायकोच्या नावे. मराठवाड्यात ज्याला गुत्तेदार म्हणतात आणि इतरत्र ठेकेदार, तो आणि गावचा कारभारी एकाच ताटात जेवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. कायदा मात्र ‘भागीदार’ हा शब्द धरून बसलेला आहे, आणि व्यवहारात भागीदारीचा करार कधीच नसतो.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, ३४ जिल्हा परिषदा आणि २९ महानगरपालिका आहेत. नगरपरिषदा व नगरपंचायती वेगळ्याच. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आल्यापासून या संस्थांकडे येणारा पैसा वाढत गेला. म्हणून या एका वाक्याचा आढावा घेणे हा वकिलांपुरता विषय उरत नाही. ते वाक्य आले कुठून, न्यायालयांनी ते कसे वाचले, कुठे निसटते, इतर देशांनी काय केले आणि आपण काय करायला हवे, हे एकदा नीट पाहू.

लाच वेगळी, हितसंबंध वेगळे

हितसंबंधांचा संघर्ष म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टक्केवारी येते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. लाच हा घडलेला गुन्हा असतो. हितसंबंधांचा संघर्ष ही गुन्ह्याच्या आधीची अवस्था असते. एकच माणूस एकाच व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा असतो. त्याने अजून काही वावगे केलेले असेलच असे नाही.

एका साध्या काँक्रीट रस्त्याचे काम घ्या. रस्ता कोणत्या वस्तीत करायचा, हे ठरावाने ठरते. मग अंदाजपत्रक, निविदेच्या अटी, दरांची मंजुरी, कार्यादेश, कामावर देखरेख, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, बिल आणि शेवटी दोषदायित्वाच्या मुदतीत दुरुस्ती. या प्रत्येक पायरीवर ठेकेदाराला हवे ते आणि गावाला हवे ते एकमेकांच्या विरुद्ध असते. ठेकेदाराला दर चढा हवा, गावाला उतरता. ठेकेदाराला बिल लवकर हवे, गावाला काम तपासून मगच पैसे द्यायचे असतात. मोजणाऱ्या अभियंत्याला ठाऊक असते, की ज्याचे काम आपण मोजतो आहोत त्याचाच भाऊ उद्या सर्वसाधारण सभेत आपल्याला जाब विचारणार आहे. अशा वेळी लाच द्यावीही लागत नाही. खुर्ची समोर दिसली, की मोजपट्टी आपोआप सैल होते.

फौजदारी कायदा फार उशिरा येतो. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना १९९० च्या दशकातली. तिच्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला २००६ मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. त्यांत माजी मंत्री होते आणि नगरसेवकही होते. त्या निकालावर पुढे अपिले झाली आणि त्यांचा निर्णय न्यायालयेच करतील. पण मधली वर्षे मोजली तर एक गोष्ट कळते. सार्वजनिक पैसा वाचवायचा असेल तर दार आधी लावावे लागते. हितसंबंधांचे नियम म्हणजे ते दार.

शब्द कुठून आला

‘स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ ही शब्दयोजना आपल्या मातीतली नाही. इंग्लंडच्या १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अॅक्टमध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी सापडते. त्या काळी इंग्लंडमधल्या जुन्या नगरसंस्था मूठभर घराण्यांच्या ताब्यात होत्या, आणि नगराची मालमत्ता व कामे ही मंडळी आपसात वाटून घेत. सुधारणा करताना संसदेने नगरसेवकाला आपल्याच कौन्सिलशी करार करायला बंदी घातली.

मुंबईत करदात्यांच्या चळवळीनंतर १८७२ चा कायदा झाला आणि त्यानंतर १८८८ चा, जो अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. बंदीचे ते वाक्य इथे आले आणि पुढे राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेच्या कायद्यात उतरले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १८३५ च्या इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता जवळजवळ नव्हतीच. तो हक्क तिला खऱ्या अर्थाने १८८२ च्या कायद्याने मिळाला. जिच्या नावे काही असूच शकत नाही, तिचा कायद्यात वेगळा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटली नसावी. धंद्यातला भागीदार लिहिला की पुरेसे होते. आपल्याकडे आज पत्नीच्या नावे फर्म असते, जीएसटी क्रमांक असतो, बँकेत खाते असते. शब्द मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या संसाराला बेतलेला आहे.

आज कायदा काय म्हणतो

पहिली तरतूद अपात्रतेची. ती वर सांगितली. दुसरी मतदानाची. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा आर्थिक संबंध आहे, त्यावर त्याने सभागृहात मत देऊ नये, चर्चेत भाग घेऊ नये, असे महानगरपालिकांच्या कायद्याला अपेक्षित आहे. तिसरी तरतूद सवलतींची. महानगरपालिका अधिनियमाच्या दहाव्या कलमात काही व्यवहार बंदीतून वगळले आहेत : जमिनीची खरेदी-विक्री किंवा भाडेपट्टा, पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रातला हिस्सा, कंपनीतले शेअर, आणि सदस्य नेहमी ज्या मालाचा व्यापार करतो त्याची अधूनमधून, ठरलेल्या मर्यादेत झालेली विक्री.

अधिकारी-कर्मचाऱ्यांना वेगळे नियम आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना खाजगी व्यापारापासून लांब ठेवतात. भारतीय दंड संहितेचे कलम १६८ लोकसेवकाच्या बेकायदा व्यापाराला शिक्षा सांगत होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ मध्ये आहे.

निर्णय कोण देतो हेही सर्वत्र सारखे नाही. ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते. महानगरपालिकेत ते न्यायाधीशाकडे पाठवावे लागते. गावातला तक्रारदार माहितीच्या अधिकारात ठराव, धनादेशांच्या नोंदी, फर्मची नोंदणी गोळा करतो, जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालतो, आणि बऱ्याचदा निकाल लागेपर्यंत सदस्याची पाच वर्षांची मुदत संपत आलेली असते.

याच कायद्यांशेजारी आमदार-खासदारांचा कायदा ठेवला तर एक विसंगती दिसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ९क फक्त त्याच व्यक्तीने स्वतःच्या धंद्यात सरकारशी केलेला, माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा, चालू करार पाहते. ठेकेदाराने आपले काम पुरे केले आणि नुसते बिल बाकी असेल, तर करार चालू समजला जात नाही, असा खुलासाही तिथे आहे. ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ हे शब्द तिथे नाहीत. म्हणजे कागदावर पाहिले तर काही हजारांच्या कामाला मंजुरी देणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याला, काही कोटींच्या धोरणावर मत देणाऱ्या आमदारापेक्षा कडक नियम आहे.

न्यायालयांनी काय वाचले

विदर्भातल्या एका नगरपालिकेचे प्रकरण १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. उमेदवाराचा मुलगा पालिकेच्या नोकरीत होता. बाप-लेक एकत्र राहतात, म्हणून मुलाच्या नोकरीत बापाचा हितसंबंध आहे, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो मानला नाही. नुसते नाते पुरेसे नाही. त्या नोकरीत किंवा करारात स्वतःचा आर्थिक संबंध आहे हे दाखवावे लागेल, असे त्या निकालाचे सूत्र आहे. निवडून येण्याचा हक्क नुसत्या संशयावर काढून घेता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व योग्यच आहे. पण परिणाम असा झाला, की सिद्ध करण्याचे सगळे ओझे तक्रारदारावर पडले, आणि एका घरातला पैसा कुठून कुठे जातो हे बाहेरच्या माणसाने सिद्ध करणे फार कठीण असते.

पुढचे मोठे प्रकरण गोव्यातले आहे. एका पंचायत सदस्य महिलेच्या पतीला त्याच पंचायतीचे काम मिळाले होते. गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम १०(फ) चे शब्द आपल्यासारखेच आहेत. मात्र गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते. पतीच्या मिळकतीत पत्नीचा हिस्सा कायद्यानेच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले, की अशा स्थितीत पतीच्या ठेक्यात पत्नीचा अप्रत्यक्ष आर्थिक हिस्सा आहेच. तिची अपात्रता कायम झाली.

म्हणजे बांदा ओलांडून पत्रादेवीला पोहोचले, की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. सिंधुदुर्गातल्या सरपंचाच्या नवऱ्याचा ठेका हा वादाचा मुद्दा. गोव्यातल्या पंच महिलेच्या नवऱ्याचा ठेका ही अपात्रता. दोन्हीकडे गाव तेच, रस्ता तसाच, घरातला पैसाही तसाच. फरक फक्त विवाहाच्या कायद्याचा. सार्वजनिक पैशाचे रक्षण अशा योगायोगावर सोपवणे बरोबर नाही.

तिसरा धागा अतिक्रमणाचा. सरकारी जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही. हे अतिक्रमण वडिलांनी किंवा सासऱ्यांनी केले असेल तर? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक उत्तर दिले, आणि २०१८ मध्ये मोठ्या पीठाने ते बदलले. घरातल्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा लाभ जो सदस्य घेत राहतो तोही अपात्र, असे आता ठरले आहे.

बेकायदा बांधकामाबाबत तर विधिमंडळानेच स्पष्ट शब्द वापरले आहेत. महानगरपालिका आणि नगरपरिषद या दोन्ही कायद्यांत लिहिले आहे, की सदस्याने ‘स्वतः, त्याच्या पती वा पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने’ अनधिकृत बांधकाम केले तर तो अपात्र. मग हेच शब्द ठेक्याच्या कलमात का नाहीत? आपले कायदे सदस्याला १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले का, हे विचारतात. पत्नीच्या नावे फर्म आहे का, हे ठेक्याचे कलम विचारत नाही. कुटुंबात डोकावायला कायद्याला संकोच वाटतो असे म्हणण्याची सोय यामुळे राहत नाही.

कुठे निसटते

कुटुंबाचा मुद्दा झाला. त्याशिवाय आणखी चार वाटा आहेत.

पहिली वाट संस्थांची. मजूर सहकारी संस्थांना सरकारी कामांत राखीव वाटा देण्यामागचा हेतू चांगला आहे. अंगमेहनत करणाऱ्यांना मधला दलाल टाळून काम मिळावे. पण संस्थेचा अध्यक्ष, सचिव आणि खरे काम करणारा माणूस वेगवेगळे असले, की सदस्याचे नाव कुठेच येत नाही.

दुसरी वाट कंपन्यांची. स्मार्ट सिटीसाठी शहराशहरांत राज्य सरकार आणि महानगरपालिका यांच्या समान भागीदारीत कंपन्या स्थापन झाल्या. अशा कंपनीशी केलेला करार हा महानगरपालिकेशी करार आहे की नाही? विधानमंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते, की राज्याच्या पाटबंधारे महामंडळाशी असलेला करार म्हणजे राज्य सरकारशी असलेला करार नव्हे. तोच तर्क स्थानिक कंपन्यांना लावला, तर बंदीच्या भिंतीत मोठे भगदाड पडते.

तिसरी वाट उपठेक्याची. निविदा बाहेरगावच्या मोठ्या कंपनीला मिळते. खडी, वाळू, डंपर, पाण्याचे टँकर, मजूर हे सगळे स्थानिक कारभाऱ्याकडून घ्यावे लागते. करार पालिकेचा आणि कंपनीचा. पैसा मात्र फिरून सभागृहात येतो.

चौथी वाट प्रशासकांची. मुंबईसह राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांवर २०२२ पासून काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि बिल देणारा एकच प्रशासक. वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला लागू असतातच, पण त्यांची अंमलबजावणी बंद फाइलीत होते. नागरिकाला तिथे डोकावता येत नाही. हितसंबंधांचा नियम फक्त नगरसेवकासाठी आहे, असे मानून चालणार नाही.

बाहेर काय घडले

ज्या ब्रिटनकडून आपण ते वाक्य घेतले, तो देश तिथेच थांबला नाही. १९३३ मध्ये त्याने दिशा बदलली : करार केला म्हणून घरी पाठवण्याऐवजी, आपला आर्थिक संबंध आधी उघड करा आणि त्या विषयावर बोलू नका, मत देऊ नका. १९७२ च्या कायद्यात एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींपैकी एकाचा हितसंबंध दुसऱ्याचाही धरला गेला. तरी जॉन पोल्सन या वास्तुविशारदाने उत्तर इंग्लंडमधल्या कौन्सिलांत पैसे पेरल्याचे उघड झाले, १९७४ मध्ये त्याला आणि न्यूकॅसलचा माजी नेता टी. डॅन स्मिथ याला तुरुंगवास झाला, आणि लॉर्ड रेडक्लिफ-मॉड यांच्या समितीने स्थानिक कारभाराच्या आचरणाचा आढावा घेतला. आज तिथे २०११ च्या लोकॅलिझम अॅक्टनुसार प्रत्येक कौन्सिलरचे आणि त्याच्या जोडीदाराचे, कौन्सिलशी असलेल्या करारांसह, आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहावे लागतात. ही नोंदवही जनतेला पाहता येते. सबळ कारण नसताना माहिती दडवणे हा फौजदारी गुन्हा आहे.

कॅलिफोर्नियाने उलट टोक गाठले. तिथल्या शासकीय संहितेचे कलम १०९० म्हणते, की ज्या करारात अधिकाऱ्याचा आर्थिक संबंध आहे तो करारच शून्य. सभासदाने मतदान टाळले तरी सुटका नाही. मग आल्बनी शहरात काय झाले पाहा. एका नगर परिषद सदस्याची जमीन मध्यस्थ कंपनीमार्फत उद्यानासाठी शहराकडे गेली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जमीन शहराकडेच राहील आणि सदस्याने पैसे परत करावेत. किंमत वाजवी होती का, फसवणूक झाली का, हे प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचे मानले नाहीत. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातही पती-पत्नीची मिळकत सामाईक धरण्याची रीत आहे, आणि ती स्पॅनिश कायद्याच्या वारशाने आलेली आहे. म्हणून जोडीदाराचा ठेका तिथेही आपला ठरतो. गोवा आणि कॅलिफोर्निया एकाच वाटेने एकाच जागी पोहोचले.

कॅनडातल्या आँटारिओचा अनुभव शिक्षेबद्दल आहे. टोरांटोचे महापौर रॉब फोर्ड यांनी स्वतःशी संबंधित ३,१५० डॉलर परत करण्याच्या विषयावर सभागृहात भाषण केले आणि मतही दिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०१३ मध्ये अपिलात तो रद्द झाला. कायद्यात मुख्य शिक्षा एकच होती, पद जाणे. एवढ्या रकमेसाठी लाखो मतदारांचा कौल पुसायचा का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. मार्च २०१९ पासून तिथे शिक्षेच्या पायऱ्या आल्या : समज, मानधन थांबवणे, पदावरून दूर करणे, पुढे काही वर्षे निवडणूकबंदी.

आपल्याला सगळ्यात जवळची वाट दक्षिण आफ्रिकेची वाटते. तिथल्या २००५ च्या महापालिका खरेदी नियमांनुसार सरकारी सेवेत असलेल्या व्यक्तीला पालिकेचा ठेका देताच येत नाही. जोडीदार, मूल किंवा आई-वडील यांना दिलेला ठेका मात्र चालतो. फक्त २,००० रँडपेक्षा मोठा असेल, तर तो पालिकेच्या वार्षिक हिशोबाच्या टिपांत नावानिशी छापावा लागतो. कुटुंबाच्या पोटावर पाय नाही, पण पडदाही नाही.

आक्षेपांचा विचार

नियम कडक करा म्हणणे सोपे आहे. त्यावरचे आक्षेपही तितकेच खरे आहेत.

दीड हजार वस्तीच्या गावात सिमेंटचे दुकान एकच असते, ट्रॅक्टर दोघा-तिघांकडे असतो. शेजारच्या गावाहून वाळू आणायची, तर भाडे जास्त लागते. शिवाय सदस्याला मिळणारा भत्ता नाममात्र. धंदा बंद करून समाजसेवा करा, असे म्हटले तर फक्त पेन्शनर आणि बागायतदार निवडणूक लढवतील. त्यामुळे छोट्या, वाजवी दराच्या, उघड व्यवहारांना जागा ठेवलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. अनेक ठिकाणी ‘सरपंचपती’ कारभार पाहतो, सही तिची आणि ठेका त्याचा. हा प्रकार थांबलाच पाहिजे. पण अपात्रतेचे कलम हातात आले, की ते बाईवरच आधी उगारले जाते, हेही आपण पाहिले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका सरपंच महिलेला अतिक्रमणाच्या आरोपावरून पदावरून दूर केले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली, आणि ग्रामीण भागातल्या निवडून आलेल्या महिलेला हटवणे इतके हलके घेऊ नये, असे बजावले. गावाला बाई सरपंच म्हणून सोसवत नव्हती, हे न्यायालयाने ओळखले.

म्हणून जोडीदाराच्या ठेक्याचे ओझे फक्त सदस्यावर टाकून भागणार नाही. ठेका घेणाऱ्यालाही ते वाहावे लागेल. नवऱ्याने बायकोच्या पंचायतीचे काम घेतले, तर आधी करार रद्द व्हावा, पैसे परत यावेत, आणि फर्म काळ्या यादीत जावी. तिने ते जाणूनबुजून दडवले असेल, ठरावावर सही केली असेल, तरच तिच्या पदाचा प्रश्न यावा.

मग करायचे काय

या सगळ्या आढाव्यातून एक गोष्ट ठळक होते. आपला नियम माणसाला पकडण्याच्या तयारीत बसलेला आहे. माहिती मागत नाही. शिक्षा सगळ्यात मोठी, पुरावा सगळ्यात अवघड आणि उघडपणा शून्य, अशी त्याची रचना आहे. ती उलटी करायला हवी.

त्यासाठी ठेक्याच्या कलमात ‘भागीदार’ या शब्दाशेजारी ‘पती, पत्नी आणि अवलंबित व्यक्ती’ हे शब्द यावेत. बेकायदा बांधकामाच्या कलमात ते आहेतच, नवे काही शोधायचे नाही. भाऊ, मेहुणा, सून, जावई यांना बंदी नको, पण त्यांच्या ठेक्यांची नोंद हवी. पालिकेने स्थापन केलेल्या कंपन्या आणि उपठेके याच नियमाखाली यावेत.

प्रत्येक सदस्याने आणि ठरावीक पदावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षातून एकदा हितसंबंधांचे पत्रक भरावे, आणि ते पंचायतीच्या फलकावर व पालिकेच्या संकेतस्थळावर लागावे. हे अशक्य नाही. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांच्या शपथपत्रात, सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर, स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या सरकारी करारांचा रकाना आलेला आहे. तोच रकाना गावापर्यंत न्यायचा आहे. निविदा भरणाऱ्यानेही लिहून द्यावे, की या संस्थेतल्या कोणत्या सदस्याशी वा अधिकाऱ्याशी आपले नाते आहे. खोटे लिहिले तर अनामत जप्त.

सभागृहात ज्या विषयात संबंध आहे, त्या वेळी सदस्याने उठून बाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. करार नियम मोडून झाला असेल तर तो शून्य ठरावा आणि पैसा वसूल व्हावा. शिक्षेला पायऱ्या असाव्यात, निकालाला मुदत असावी. स्थानिक निधी लेखापरीक्षकांनी प्रत्येक संस्थेच्या वार्षिक अहवालाला एक पान जोडावे : नातेवाइकांना दिलेली कामे, रकमेसह.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने संस्थांवर आपणहून माहिती उघड करण्याची जबाबदारी आधीच टाकलेली आहे, आणि गावचे खर्च विचारायला ग्रामसभा आहे. सुरुवात तिथून होऊ शकते. पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत एकच मागणी लेखी द्या : गेल्या वर्षी झालेल्या प्रत्येक कामाच्या ठेकेदाराचे नाव, रक्कम, आणि त्याचे कोणत्या सदस्याशी वा अधिकाऱ्याशी काय नाते आहे, याची यादी फलकावर लावा. कुंपणच शेत खाते असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. त्या कुंपणाची मालकी आपली आहे, आणि बांधावर जाऊन पाहण्याची जबाबदारीही आपलीच आहे.